क्ष, ज्ञ आणि इंग्रजीतली मुकी अक्षरे

इंग्रजी शब्दकोशात ‘पी’ या अक्षराची पाने सावकाश उलटत गेले, की एका ठिकाणी नजर हमखास अडखळते. तिथे पी, एच, टी, एच अशी चार व्यंजने स्वराचा कसलाही आधार न घेता सलग उभी असतात; मग आय येतो, मग एस, पुन्हा आय, पुन्हा एस. डोळ्यांना हा शब्द म्हणजे भिंतच वाटते. आणि उच्चार पाहावा तर किती मृदू : थायसिस. हा ‘थ’ आपल्या थेंबातला नव्हे. जिभेचे टोक दातांच्या फटीत अलगद ठेवून नुसता श्वास सोडला की जो निसटतो, तो. कोणी ‘टायसिस’ असेही म्हणतात. पहिल्या दोन अक्षरांबद्दल शाळेत एवढेच सांगितले जाते, की ‘पी-एच सायलेंट’. आपण मात्र घाई न करता या दोन मुक्या अक्षरांपाशी थोडे थांबू, कारण त्यांच्या मौनात जे साठले आहे ते खुद्द इंग्रजी माणसापेक्षा मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे.

थायसिस म्हणजे क्षयरोग. 1882च्या मार्च महिन्यात रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये या रोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला आणि पुढे ‘ट्युबर्क्युलोसिस’ हे नाव रूढ झाले. त्याआधी इंग्रजी वैद्यकाच्या ग्रंथांत त्याचे भारदस्त नाव हेच होते. 1886 साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी ज्या काळात शिकल्या, तो या शब्दाच्या चलनाचा काळ. आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1887मध्ये, पुण्यात त्यांना ज्या रोगाने नेले, त्याला घरची माणसे क्षय म्हणत असणार. एकाच व्याधीची ही दोन नावे, एक अमेरिकेतल्या ग्रंथातले आणि एक घरातले. ती दोन वाटतात, पण मुळाशी एकच आहेत.

ते कसे, हे पाहण्यासाठी त्या एच या अक्षराकडे जरा निरखून पाहावे लागते. प्राचीन ग्रीक भाषेत आपल्यासारखी महाप्राण व्यंजने होती : ओठ पूर्ण मिटून सोडलेला, फळातला ‘फ’, जीभ दातांना टेकवून सोडलेला, थंडीतला ‘थ’, खडूतला ‘ख’. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये हे ध्वनी नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी अक्षरेही नव्हती. ग्रीक शब्द लिहून घेताना त्यांनी मोठ्या प्रामाणिकपणे युक्ती काढली : पी लिहायचा आणि त्यामागून आलेल्या श्वासाची खूण म्हणून एच जोडायचा, ‘थ’साठी टी-एच, ‘ख’साठी सी-एच. म्हणजे ज्या एचला आज आपण मुका म्हणतो, तो दोन हजार वर्षांपूर्वी कोणा कानसेन लेखनिकाने टिपलेला महाप्राण आहे! ग्रीकांच्या तोंडी हा शब्द ‘फ्थिसिस’ असा होता, आणि गंमत अशी की तो जसाच्या तसा लिहायचा तर रोमन लिपीला चार अक्षरांची कसरत करावी लागते, देवनागरीला ‘फ्थ’ हे एकच जोडाक्षर पुरते.

आता या ‘फ्थ’ला ओठांवर घोळवत ठेवा आणि त्याचा अर्थ पाहा. मूळ ग्रीक धातूचा अर्थ झिजणे, ओसरत जाणे, कलेकलेने कमी होणे. अथेन्सच्या पंचांगात महिन्याचे शेवटचे दहा दिवस याच धातूने ओळखले जात, म्हणजे ‘क्षीण होत जाणाऱ्या महिन्याचे दिवस’. क्षीण हा शब्द इथे मी अनुवादाच्या सोयीसाठी योजलेला नाही. संस्कृतातला ‘क्षि’ धातू, ज्यातून क्षय आणि क्षीण आले, आणि ग्रीकांचा तो ‘फ्थि’ हे सख्खे भाऊ आहेत. भाषाशास्त्रज्ञांनी दोघांचे मूळ एका प्राचीन धातूशी नेऊन पोचवले आहे. दक्षाच्या शापाने चंद्राला क्षय जडला ही आपली कथा, तिथीचा क्षय हा आपल्या पंचांगातला शब्द, आणि तिकडे ओसरत्या चंद्रासाठी ग्रीकांनी वापरलेला त्याच कुळातला धातू. दोन दूरदूरच्या समाजांनी मान वर करून एकच चंद्र पाहिला आणि त्याच्या झिजण्याला पूर्वजांकडून आलेला एकच शब्द लावला, हे मनात आले की पी-एच-टी-एच ही भिंत राहत नाही.

हा योगायोग असेल, अशी शंका रसिक वाचकाला येणे योग्यच आहे. म्हणून शेजारचा दुसरा शब्द पाहू. सी-एच-टी-एच या चौकडीने सुरू होणारा, उच्चारात ‘थॉनिक’. पाताळातल्या, भूमीच्या पोटातल्या देवतांसाठी हे विशेषण वापरतात. ऑलिंपस पर्वतावरच्या झगमगत्या देवांहून वेगळ्या, काळोख्या, बीज रुजवणाऱ्या आणि मृतांना सांभाळणाऱ्या शक्तींसाठी. ग्रीक मूळ ‘ख्थोन’, म्हणजे पृथ्वी. आणि संस्कृतात पृथ्वीसाठी ‘क्षम्’ आणि ‘क्षमा’ असे शब्द आहेत. हे दोन्ही पुन्हा एकाच मुळाचे! ग्रीकांनी जिथे ‘फ्थ’ आणि ‘ख्थ’ म्हटले, तिथे संस्कृताने दोन्ही ठिकाणी ‘क्ष’ म्हटले. इंग्रजी वर्णलेखनातली ही दोन सर्वांत अवघड दारे आपल्या एकाच अक्षराच्या किल्लीने उघडतात.

थॉनिक या शब्दातली सी-एच ही अक्षरे मुकी आहेत, पण कायमची नव्हेत. त्यांच्या आधी एखादा स्वर आणून ठेवा, की ती बोलू लागतात. ‘ऑटॉक्थनस’ हा शब्द म्हणून पाहा. जोर ‘टॉक्’वर, आणि तिथे ‘क’ स्पष्ट ऐकू येतो. कुठून स्थलांतर करून न आलेले, त्याच मातीतून उगवलेले, असा त्याचा अर्थ. अथेन्सचे नागरिक स्वतःला अभिमानाने तसे म्हणवत. आपण भूमिपुत्र म्हणतो, तोच हा भाव. शब्दाच्या आरंभी इंग्रजी जिभेला न पेलणारे जोडाक्षर स्वराच्या आधाराने शब्दाच्या मध्यात सहज तरून जाते, ही केवढी सुंदर व्यवस्था आहे! मुक्या अक्षराला वाचा नसते असे नाही. त्याला नुसती सोबत हवी असते.

आणि तिसरा शब्द तर आपण रोज ऐकतो : आर्क्टिक. त्यातला पहिला सी अनेक इंग्रजी भाषक अजूनही गाळून ‘आर्टिक’ म्हणतात, आणि त्यात चूक मानण्याचे कारण नाही, कारण जुन्या इंग्रजी लेखनात तो सी नव्हताच. ग्रीक मुळाची आठवण ठेवून विद्वानांनी तो मागाहून परत आणला. ग्रीक ‘आर्क्तोस’ म्हणजे अस्वल. उत्तर आकाशातल्या ज्या ताऱ्यांना आपण सप्तर्षी म्हणतो, त्यांत ग्रीकांनी अस्वलीण पाहिली, आणि त्या अस्वलाखालचा प्रदेश तो आर्क्टिक. संस्कृतात अस्वल म्हणजे ऋक्ष. पुन्हा तोच ‘क्ष’. ऋग्वेदात या ताऱ्यांना ‘ऋक्ष’च म्हटलेले आहे, हिंदीतला रीछ याच शब्दाचा वंशज आहे, आणि रामायणातला जांबवान म्हणजे साक्षात ऋक्षराज. ध्रुवप्रदेशातल्या बर्फाच्या बातम्या वाचताना त्या नावात जांबवानाचे कुळ दडलेले आहे, एवढे जरी आठवले तरी नकाशावरचा तो पांढरा भाग ओळखीचा होतो.

आपल्या वर्णमालेत ‘क्ष’ अगदी शेवटी येतो, आणि त्याच्यामागून ‘ज्ञ’. बालवाडीच्या तक्त्यावर ‘क्ष’ला क्षत्रिय आणि ‘ज्ञ’ला ज्ञानेश्वर ठरलेले. बीजगणितात अज्ञात राशीला आपण ‘क्ष’ म्हणतो, आणि एक्स-रेला मराठीने मोठ्या रसिकतेने ‘क्ष-किरण’ केले. या जोडीतल्या पहिल्याने आपल्याला इतके दिले, तर दुसऱ्याला विचारल्यावाचून पुढे कसे जावे?

‘नोमॉन’ हा शब्द घेऊ. लिहिताना आरंभी जी, उच्चारताना तो नाही. सूर्यघड्याळाच्या तबकडीवर जो दांडा किंवा त्रिकोणी पट्टी उभी असते आणि जिच्या सावलीवरून वेळ कळते, तिचे हे नाव. आपल्या ज्योतिर्विदांनी याला शंकू म्हटले. ग्रीकांनी त्याला ‘ग्नोमोन’ म्हटले, म्हणजे जाणणारा, ज्ञाता. उन्हात निश्चल उभा असलेला तो दांडा स्वतः काहीही करत नाही. आपली सावली पडू देतो, आणि तरीही त्या अंगणात काळ जाणणारा तोच एक असतो. ग्रीक ‘ग्नो’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ हे एकाच धातूचे दोन उच्चार. इंग्रजीत ‘जाणणे’ यासाठी जे रोजचे क्रियापद आहे, के-एन-ओ-डब्ल्यू, त्यातला मुका के हाही तोच. जुन्या इंग्रजीत तो ठणठणीत उच्चारला जाई. सतराव्या शतकात केव्हातरी बोलण्यातून तो गेला, लिहिण्यात राहिला. म्हणजे शाळेतले प्रत्येक मूल ‘के सायलेंट’ असे पाठ करते, तेव्हा ते नकळत आपल्याच ‘ज्ञ’च्या एका जुन्या रूपाला हात लावत असते.

आणि इथेही तोच स्वराचा न्याय. ‘ग्नोसिस’चा जी आरंभी असल्याने मुका, पण ‘डायग्नोसिस’मध्ये तो खणखणीत. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’मध्येही तसाच. हा शब्द टॉमस हक्सलीने 1869 साली घडवला : ईश्वर आहे की नाही हे जाणता येत नाही, असे मानणारा. मराठीत त्याला अज्ञेयवादी म्हणतात. दोन्ही शब्द शेजारी ठेवून पाहा. आधी नकाराचा ‘अ’, मग जाणण्याचा धातू. तिकडे अ-ग्नो, इकडे अ-ज्ञे. नकाराचा तो ‘अ’सुद्धा दोन्ही भाषांना एकाच पूर्वजाकडून आलेला. ज्याने हा प्रतिशब्द रूढ केला, त्याने अर्थाला अर्थ दिला आणि त्यासोबत हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या दोन आप्तांची भेटही घडवून आणली. पारिभाषिक शब्दांना रुक्ष म्हणणाऱ्यांनी या एका जोडीवर तरी घटकाभर रेंगाळावे.

कोणी म्हणेल, इंग्रजी लिहिते एक आणि बोलते एक, हा तिचा दोषच. मला तसे वाटत नाही, आणि साक्षीला पुन्हा ‘ज्ञ’च उभा आहे. लिहिण्यात तो ‘ज्’ आणि ‘ञ’ यांचा संयोग आहे, पण आपण मराठी माणसे त्याला ‘द्न्य’ म्हणतो, हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतात. चूल आणि चिंच, जड आणि जीव हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, ध्वनी दोन, आणि लिपीने त्याची कसलीही खूण ठेवलेली नाही. लेखन जुने जपते आणि वाणी पुढे जाते, हे सर्वच भाषांत होते. इंग्रजीत ते अंतर फार वाढले, इतकेच.

त्या अंतराकडे पाहण्याची एक दृष्टी मात्र आपल्या व्याकरणाने आपल्याला आयती दिली आहे. आपण शब्दांचे तत्सम आणि तद्भव असे दोन वर्ग करतो. क्षेत्र तत्सम, शेत तद्भव. हस्त आणि हात, दुग्ध आणि दूध. दोन्ही रूपे आपण वेगवेगळी ठेवली आणि दोघांनाही काम दिले. इंग्रजीने अनेकदा असे केले, की तत्सम डोळ्याला दिले आणि तद्भव कानाला, आणि दोघांना एकाच शब्दात नांदवले. ‘व्हिटल्स’ हा अगदी देखणा नमुना. लिहायचा व्ही-आय-सी-टी-यू-ए-एल-एस, डोळ्यांना दिसतो ‘व्हिक्च्युअल्स’, आणि म्हणायचा ‘व्हिटल्स’, म्हणजे शिधा, खाण्यापिण्याची सामग्री. फ्रेंचांच्या तोंडी झिजून गुळगुळीत झालेले रूप इंग्रजांनी कानाने घेतले आणि ते तसेच बोलत राहिले. पुढे लॅटिनवर प्रेम करणाऱ्या पंडितांनी लेखनात मूळचा सी परत बसवला, पण लोकांच्या जिभेने त्याला थारा दिला नाही. त्या लॅटिन मुळाचा अर्थ जगणे, आणि त्याचे संस्कृतातले नाते ‘जीव्’ या धातूशी. शिधा आणि जीव यांचे नाते कुठल्याही भाषेत सांगावे लागत नाही, पण इथे ते शब्दाच्या मुळातच आहे. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला मुका बी असाच लॅटिनप्रेमी पंडितांनी सोळाव्या शतकाच्या सुमारास आणलेला.

आणि कर्नल! सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल असे लिहून त्यात जो ‘र’ ऐकू येतो, त्याच्या शोधात कोणताही विद्यार्थी हैराण व्हावा. इटालियन ‘कोलोन्नेल्लो’ म्हणजे सैनिकांच्या छोट्या स्तंभाचा, रांगेचा नायक. एका शब्दात दोनदा ‘ल’ म्हणणे फ्रेंच जिभेला जड गेले, तिने पहिल्याचा ‘र’ केला : ‘कोरोनेल’. इंग्रजीत आधी हे रूप आले. पुढे लेखन इटालियनकडे वळले, उच्चार मात्र ‘र’ धरून बसला. यात नवल वाटण्याचे आपल्याला कारण नाही, कारण दोन ‘ल’ आपल्याही पूर्वजांना असेच नकोसे झाले होते. संस्कृत लाङ्गलाचा मराठीत नांगर झाला, दोन्ही ‘ल’ गेले. संस्कृत ललाटाचे प्राकृतातून येत येत निढळ झाले, ज्याचा घाम गाळून आपण मिळवलेले खातो. शेतात नांगर धरून निढळावरचा घाम पुसणारा शेतकरी आणि फौजेपुढे चालणारा कर्नल, यांची नावे घडवताना मानवी जिभेने एकच नियम पाळला आहे. आणि मराठीने हा शब्द डोळ्याने न घेता कानाने घेतला, हे तिचे शहाणपण. आपण ‘कर्नल’ लिहितो, ‘लेफ्टनंट’ लिहितो. त्या दुसऱ्या शब्दाच्या इंग्रजी लेखनात ‘फ’ कुठेच नाही, तो केवळ ब्रिटिश उच्चारात आहे, आणि देवनागरीने तो नेमका टिपून ठेवला आहे.

खलाशांचे शब्द घाईने पार करायला हवेत, कारण त्यांचा मोह अनावर आहे. ‘बोट्स्वेन’ लिहायचे आणि ‘बोसन’ म्हणायचे. ‘फोरकॅसल’, म्हणजे जहाजाच्या पुढच्या भागावरची गढी, तिचे झाले ‘फोक्सल’. ‘गनवेल’, म्हणजे जिच्यावर तोफा टेकवत ती काठाची फळी, तिचे ‘गनल’. वादळात ओरडून हुकूम द्यायचा तर शब्द आखूडच हवा. बोसनचे काम करणाऱ्या हिंदी खलाशाला इंग्रजी जहाजांवर ‘सेरँग’ म्हणत, तो आपला सारंग. त्याच्या हाताखालचा ‘टिंडल’ म्हणजे तांडेल.

दूरच्या प्रवासाचा विषय निघालाच आहे, तर ‘सेरेन्डिपिटी’कडे यावेच लागते. 28 जानेवारी 1754 रोजी होरेस वॉल्पोलने होरेस मान याला लिहिलेल्या पत्रात हा शब्द घडवला. सेरेन्डिपच्या तीन राजपुत्रांची एक कथा त्याने वाचली होती. ते वाटेवरच्या खुणांवरून न पाहिलेल्या जनावराचा डोळा अधू आहे हे ओळखतात. सेरेन्डिप म्हणजे अरबांचे सरनदीब, आणि सरनदीब म्हणजे सिंहलद्वीप. आता शब्द उच्चारून पाहा : से-रेन्-डि-पि-टी. जोर कुठे येतो? ‘डिप्’वर. म्हणजे संस्कृतातला ‘द्वीप’ इतक्या समुद्रांतून, इतक्या जिभांवरून वाहत आला आणि नेमक्या आघाताच्या जागी येऊन बसला! न शोधता काही सुंदर हाती लागणे, एवढाच अर्थ हल्ली लोक घेतात. वॉल्पोलच्या मनात त्यासोबत चाणाक्षपणाही होता. नशीब वाटेवर खूण टाकते, ती वाचणारी नजर लागते, असा तो पूर्ण अर्थ आहे, आणि तो अर्धा करून वापरणे मला अन्याय वाटतो.

‘पेट्रिकॉर’ची गोष्ट याहून ताजी. 1964 साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात तापल्या मातीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या गंधाला हे नाव दिले. पेत्रा म्हणजे दगड. इकोर म्हणजे ग्रीक देवांच्या धमन्यांतून रक्ताऐवजी वाहणारा रस. हा दुसरा शब्द इंग्रजीत एकटा असताना ‘आयकॉर’ असतो, दगडाला बिलगला की त्याचा पहिला स्वर लहान होऊन ‘पेट्रिकॉर’ होतो. दगडाच्या शिरांतून देवांचे रक्त वाहते, अशी कल्पना वैज्ञानिकांनी करावी यात मला फार मोठे सौंदर्य वाटते. त्याच लेखात त्यांनी उत्तर प्रदेशातल्या मातीच्या अत्तराचाही उल्लेख केला आहे. आणि मराठीत? विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’ हा कवितासंग्रह 1954 सालचा. इंग्रजीला या सुगंधाचे नाव सापडण्याआधी दहा वर्षे आपल्याकडे ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेले होते.

इंग्रजीत गेलेला एक शब्द मात्र आपल्या स्वतःच्या घरातला आहे, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून हात आखडता घेता येत नाही. ‘मॉंगूस’ हा मुंगूस आहे. इंग्रजी कोश त्याचे मूळ मराठी असे देतात. इंग्रजांनी त्याच्या शेपटाला आपल्या ओळखीच्या हंसाचे, म्हणजे ‘गूस’चे, वर्णलेखन जोडले. पण त्या हंसाचे अनेकवचन ‘गीस’ होते आणि मुंगसाचे ‘मॉंगूसेस’च राहते, कारण त्या शब्दात हंस कधी नव्हताच.